थोरल्याच्या दारात वीस सेकंद

माझ्या वन्सं खोटं बोलत नाहीत.

खोटं बोलायला समोर माणूस लागतो. त्यांच्याकडे तोच नसतो.

म्हणून त्यांनी जे सांगितलं, ते मी जसंच्या तसं सांगते. त्यातलं शेवटचं तर माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी ठरवून दमले.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नव्हती, वारा नव्हता, लाइट गेले नव्हते.

रविवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन, गॅलरीत दोरीवर दोन पंचे आणि एक चादर वाळत होती.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय बावन्न. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ह्याची उत्तरं द्यायचंही आता सोडून दिलंय. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीत झोपतात, दुसऱ्या खोलीत कामाला जातात. काम म्हणजे दूर कुठल्या तरी इमारतीत चार सर्व्हर आहेत, त्यांची निगा राखणं. घरात बसून. टेबलावरून. ती मशीनं त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिली नाहीत.

तिथे, सर्व्हरच्या खोलीत, एक माणूस बसायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे.

तार हलवणं, मशीन बंद करून चालू करणं, पंख्यातली धूळ काढणं, ही हाताची कामं मामांची. डोक्याची कामं वन्संची. मामा म्हणायचे, "तू काय बाई, उंटावरून शेळ्या हाकतेस. शेण मला काढावं लागतं."

अकरा वर्षं हे चाललं. एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. फक्त आवाज.

मामांना आकड्यांचा राग. मशीनला नंबर असतो तो असतो, पण माणसाने नावाने हाक मारावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चार मशीनांची नावं ठेवली होती. थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ. कोपऱ्यात एका फळीवर एक जुना कॉम्प्युटर होता, त्याला मामा खोकं म्हणायचे. त्या खोक्यात नावांची यादी. कुठला नंबर म्हणजे कोण, हे त्या यादीत मामा स्वतः बसून भरायचे. एका बोटाने.

त्या यादीत वन्संच्या घराचं नाव होतं 'उंट'.

ह्यातलं मला काही कळत नाही. वन्संनी मला दार-घर-पाटी करून समजावलं, तसंच मी सांगते. लांबून कोणी सर्व्हरमध्ये जायला लागलं, की आत घेण्याआधी तो सर्व्हर हळूच खोक्याला विचारतो, "ह्या नंबरावर कोण राहतं?" खोकं नाव सांगतं. मग दार उघडतं. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. आपल्याला कळतही नाही की आपली चौकशी झाली.

आता गंमत अशी, की वन्संच्या घरचा नंबर रोज बदलायचा. त्यांच्या इंटरनेटची लाइनच तशी. मग रोज सकाळी नऊला त्या मामांना फोन करायच्या.

"मामा, येतेय हं."

"ये बाई, दार लोटलेलंच आहे. थांब, चष्मा लावतो... हं, सांग आजचा नंबर."

वन्सं नंबर सांगायच्या, मामा टकटक करत यादीत 'उंट'च्या पुढे टाकायचे. ह्याची काही गरज नव्हती. दोघांनाही माहीत होतं. पण त्या फोनशिवाय दिवस सुरू व्हायचा नाही.

एका बुधवारी मामांनी फोन उचलला नाही.

गुरुवारीही नाही.

शुक्रवारी एका अनोळखी बाईने उचलला. म्हणाली, "ते गेले. परवाच. झोपेतच." मग विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"



"कामातली," वन्सं म्हणाल्या. आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात नव्या साहेबांनी खोली आवरली. खोकं बंद केलं, भंगारात दिलं. मामांच्या जागी कुणाला घेतलं नाही. "सगळं लांबूनच होतं की हल्ली," असं म्हणाले. खोलीला कुलूप.

आणि त्या दिवसापासून सगळं मंद झालं.

कुठल्याही सर्व्हरमध्ये जायचं म्हटलं, की दारातच अडकायचं. वीस सेकंद. मोजून वीस. त्यानंतर आत गेलात की सगळं सुरळीत, वाऱ्यासारखं.

साहेबांनी लाइन दुप्पट वेगाची करून घेतली. तरी वीस सेकंद. वन्सं म्हणाल्या, "साहेब, फाटक बंद असेल तर गाडी कितीही पळणारी आणा." साहेबांना वाटलं बाई जुनाट आहे.

पण खरं सांगायचं तर...

वन्संना पहिल्याच दिवशी कारण कळलं होतं.

दारात वेळ जातो आणि घरात जात नाही, म्हणजे लाइनचा दोष नाही. चौकशीचा दोष. खोकं गेलं, पण चारही मशीनांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती बिचारी अजून त्याच पत्त्यावर विचारत होती. कोण आलंय? उत्तर नाही. पाच सेकंद थांबायचं. पुन्हा विचारायचं. असं चार वेळा. मग निराश होऊन दार उघडायचं.

उपाय एका ओळीचा. प्रत्येक मशीनमधून खोक्याचा पत्ता खोडायचा. दहा मिनिटांचं काम.

पाच आठवडे त्यांनी ते केलं नाही.

"का हो वन्सं?" मी विचारलं होतं.

चहाचा कप हातात फिरवत म्हणाल्या, "वहिनी, मला कुणी कळवलं नाही, कुणी बोलावलं नाही. रडायला कुठे जायचं तेही ठाऊक नाही. त्या वीस सेकंदांत थोरला मामांची वाट बघतो. मी पण बघते. तेवढंच सुतक होतं माझं."



पण त्या सर्व्हरवर तपासणीच्या लॅबचे रिपोर्ट असतात. लॅबमधली बाई शनिवारी फोनवर चिडली. "ताई, दर रिपोर्टला वीस सेकंद, दिवसाला शेकडो रिपोर्ट, रांग तुंबून पेशंट म्हातारा होतोय. आज एक बाई तापाचं तान्हं घेऊन पाऊण तास बाकावर बसली होती. तुमचं मशीन जागं व्हायची वाट बघत."

ते तान्हं वन्संच्या डोळ्यांसमोरून हलेना.

वर साहेबांचा निरोप. सोमवारी सकाळी नऊपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर चारही मशीनं पुसून नव्याने बसवू.

म्हणजे मामांचे ते वीस सेकंद सोमवारी जाणारच होते. प्रश्न एवढाच होता, की ते कुणाच्या हाताने जाणार.

"परक्याने ओढून काढण्यापेक्षा मीच हलक्या हाताने काढते," असं ठरवून वन्सं रविवारी दुपारी टेबलाशी बसल्या.

आणि सवयीने, रिकाम्या खोलीत, मोठ्याने म्हणाल्या,

"मामा, येतेय हं."

...

आधी शेंडेफळ.

एंटर दाबलं. वन्सं मनात मोजू लागल्या. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता. बेसिनचा नळ ठिबकत होता. एक... दोन... तीन... विसाला दार उघडलं.

आत गेल्या, ओळ खोडली, बाहेर आल्या, पुन्हा गेल्या. लगेच उघडलं.

मग धाकटा. वीस सेकंद. ओळ खोडली. लगेच उघडलं.

दोन झाले. डोळे ओले झाले होते, ते पदराने पुसले, चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता.

मग मधला.

एक... दोन... तीन...

अकराव्या सेकंदाला दार उघडलं.

वन्सं थबकल्या.

मोजायला चुकले असेन, म्हणाल्या. बाहेर आल्या, घड्याळ समोर ठेवलं, पुन्हा एंटर.

अकरा.

हे होऊच शकत नव्हतं. ती वाट बघण्याची रीत ठरलेली असते. पाच-पाच सेकंदांचे चार हप्ते. अकरा कशातच बसत नाही. अकराला दार उघडायचं असेल, तर एकच मार्ग...

कुणीतरी उत्तर दिलं पाहिजे.

त्यांनी बाजूला दुसरी खिडकी उघडली. मशीन बाहेर काय विचारतं आणि बाहेरून काय येतं, ते त्यात ओळीओळीने दिसतं. मग पुन्हा एंटर दाबलं.

पहिली ओळ आली. मधला खोक्याला विचारतोय, ह्या नंबरावर कोण?

काही नाही.

पाच सेकंदांनी दुसरी ओळ. कोण?

काही नाही.

दहाव्या सेकंदाला तिसरी. कोण?

आणि अकराव्या सेकंदाला...

उत्तर.

'उंट.'

वन्संचा हात माउसवरून निसटला.

खोकं भंगारात गेलं होतं. यादी त्याच्यासोबत गेली होती. आणि समजा कुणी तसंच खोकं, तीच यादी उचलून तिथे ठेवली असेल, तरीही...

नंबर आजचा होता. सकाळी बदललेला. तो यादीत असणं शक्य नव्हतं. आजचा नंबर त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता.

त्यांनी नुसतं म्हटलं होतं, येतेय हं.

वन्सं घाबरट नाहीत. एकट्या राहणाऱ्या बाईला घाबरणं परवडत नाही. दुसरंच कुठलं मशीन त्या पत्त्यावर येऊन बसलं असेल, म्हणाल्या. होतं असं. त्यांनी त्या पत्त्याला हाक मारली. ओ नाही. त्या खोलीतल्या एकेका मशीनला विचारलं, ह्या पत्त्यावर तुमच्यात कोण आहे? कोणी नाही.

त्यांनी इमारतीच्या वॉचमनला फोन लावला.

"काका, खोलीत कोणी गेलंय का आज?"

"रविवारी कोण जातंय? कुलूप आहे."

"जरा काचेतून बघता? कोपऱ्यात फळी आहे, तिच्यावर काही ठेवलंय का?"

चपलांचा आवाज. जिन्याचा. मग काचेला कपाळ टेकल्यासारखा ठक आवाज.

"काही नाही ताई. फळी मोकळी आहे. मामांचं खोकं गेलं ना भंगारात, मीच उचलून दिलं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे, दिसतंय की. ऊन पडलंय आत. सगळीकडे बोटभर धूळ बसलीय..."

तो थांबला.

"काय झालं काका?"

"काही नाही. फळीवर तेवढ्या चौकोनात धूळ नाहीये. खोकं होतं तेवढ्याच. पुसल्यासारखं." मग घाईने म्हणाला, "एसीचा वारा लागत असेल. ठेवू ना फोन?"

ठेवला.

नळ ठिबकत होता.

वन्संनी पुन्हा एंटर दाबलं. आठ सेकंद. 'उंट.'

पुन्हा. पाच सेकंद. 'उंट.'

पुन्हा. दोन.

मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "वहिनी, म्हातारा माणूस आतल्या खोलीतून उठून दाराकडे येतो ना, तसं. पहिल्यांदा वेळ लागतो. मग त्याला कळतं की कोणी सारखं वाजवतंय, तर तो दाराशीच खुर्ची टाकून बसतो."

शेवटचं एकदा दाबलं.

दार लगेच उघडलं. त्यांनी बाजूच्या खिडकीत पाहिलं.

उत्तराची ओळ वर होती.

प्रश्नाची खाली.

आधी 'उंट'. मग 'कोण?'

फ्रिजची घुरघुर त्याच वेळी बंद पडली. घरात अशी शांतता पसरली, की वन्संना स्वतःच्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटला.

त्यांनी मधल्याची ओळ खोडली. त्या 'मामा' म्हणाल्या नाहीत.

आता एकच उरला. थोरला.

थोरला सगळ्यांत जुना. कोण आलं, कोण गेलं, ह्याची नोंद तो इमानाने ठेवतो. वन्संनी ती नोंद कधी उघडून पाहिली नव्हती. मामा गेल्यापासून तर नाहीच. आज उघडली.

वर-खाली, वर-खाली. पानंच्या पानं.

एकच नोंद. शेकडो वेळा.

कोणीतरी येतंय. नाव नाही. थोरला विचारतो, कोण? उत्तर येत नाही. वीस सेकंद होतात, थोरला दार उघडतो...

आणि दारात कोणी नसतं.

पहिली नोंद, खोकं भंगारात गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. सकाळी नऊ. शेवटची त्या दिवशी संध्याकाळी सहा. मध्ये एक ते दीड काही नाही. रोज असंच. नऊ ते सहा. एक ते दीड जेवणाची सुट्टी. रविवारी एकही नाही.

पाचही रविवार कोरे.

फक्त आजचा सोडून. आज पहिली नोंद होती तीन वाजून दहा मिनिटांची.

वन्संनी येणाऱ्याचा नंबर पाहिला. तो नंबर त्यांना पाठ होता. गेल्या तासाभरात तीन मशीनांमधून त्यांनी तोच खोडला होता.

खोक्याचाच.

मग एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि तोंडावर हात गेला.

मामांनी सगळ्यांना नावं दिली होती. मशीनांना, लॅबना, साहेबांच्या टेबलाला, वन्संच्या घराला. पण ज्या खोक्यापाशी बसून दिली, त्या खोक्याचं नाव यादीत लिहायचं राहूनच गेलं होतं. अकरा वर्षं. दिव्याखाली अंधार. ह्या धंद्यातल्या माणसांची ही जुनी चूक, वन्सं म्हणाल्या. जो सगळ्यांची नोंद करतो, तो स्वतःला मोजत नाही.

जगात सगळ्यांची ओळख सांगणारा माणूस स्वतःच्या दारात उभा होता. आणि "कोण?" विचारल्यावर त्याला सांगता येत नव्हतं.

म्हणून तो वीस सेकंद थांबायचा. आणि दार उघडायच्या आत माघारी जायचा.

बाजूच्या खिडकीत ओळ हलली.

थोरला विचारत होता... ह्या नंबरावर कोण?

आता. ह्या क्षणी.

पाच सेकंद. कोण?

दहा सेकंद. कोण?

वन्सं उठून उभ्या राहिल्या. खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली.

पंधरा. कोण?

वीस. दार उघडलं. कोणी नव्हतं.

मिनिटभराने पुन्हा. कोण?

आता करायचं काय, ते स्पष्ट होतं. ही शेवटची ओळ. ती खोडली, की थोरला कुणाला काही विचारणार नाही. लॅबचं काम सरळ होणार. तापाचं तान्हं बाकावर ताटकळणार नाही. आणि जो दारात उभा आहे, त्याला "कोण?" असं विचारणारंही जगात कोणी उरणार नाही.

त्यांनी ओळ निवडली. बोट बटणावर ठेवलं.

कोण?

"मला ना वहिनी, त्या फोनवरच्या बाईचा आवाज आठवला," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या कोण? तेव्हा मी पण अशीच माघारी फिरले होते."

प्रत्येक सर्व्हरची एक स्वतःची छोटी यादी असते. घरची वही म्हणा. बाहेर विचारायच्या आधी तो घरच्या वहीत बघतो. वन्संनी थोरल्याची ती वही उघडली. खोक्याचा नंबर लिहिला. पुढे नाव लिहायचं.

आणि हात थांबला.

त्यांना मामांचं नाव माहीत नव्हतं.

अकरा वर्षं. रोज सकाळी नऊ. कुठल्या बाजूला कूस करून झोपलं की खोकला येतो, इथपर्यंत माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. फोनमध्येही 'मामा खोली' एवढंच होतं.

कोण?

त्यांनी लिहिलं, 'मामा'.

वही बंद केली. मग ती शेवटची ओळ खोडली. मामांचे वीस सेकंद संपले.

खिडकीत पुढची ओळ आलीच नाही. आता काही विचारायचं उरलं नव्हतं. वन्संनी थोरल्याला विचारलं, सध्या आत कोण कोण आहे?

दोन ओळी आल्या.

उंट.

मामा.

वेळ चार वाजून वीस मिनिटं.

मामा आत आले होते. काही टाइप केलं नाही. काही उघडलं नाही, काही पुसलं नाही. नुसते आत होते. वन्सं दोन तास समोर बसून राहिल्या. ऊन गॅलरीतून गेलं, चादर वाळून कडक झाली.

फक्त एक गोष्ट त्यांना तेव्हा खटकली. माणूस आत येऊन नुसता बसला, तर किती वेळ नुसता बसलाय, ते मशीन दाखवतं. एक मिनिट, दहा मिनिटं, तास. मामांच्या पुढे तो आकडा शून्यच राहिला. दोन तास शून्य.

म्हणजे कोणीतरी सतत बटणांना हात लावत होतं. आणि अक्षर एकही उमटत नव्हतं.

सोमवारी साहेब खूश. लॅबची बाई खूश. "ताई, तुम्ही हात लावला की सोनं." सगळं पापणी लवायच्या आत.

बुधवारी साहेबांचा फोन.

"मॅडम, थोरल्यावर हा मामा कोण दिसतोय? जुनं काहीतरी अडकलंय. काढून टाका."

"काढते," म्हणाल्या.

त्यांनी खरंच काढलं. नियमाच्या पक्क्या आहेत त्या. ओळ गेली. पुढच्याच सेकंदाला परत आली. आत आल्याची वेळ बदलली नव्हती. रविवार, चार वीस.

दुसऱ्यांदा काढलं. तेच.

तिसऱ्यांदा नाही काढलं.

"राहू दे," मला म्हणाल्या. "कुणाचं काय खातायत?" आणि हसल्या. मला ते हसू आवडलं नाही. असं नाही की ते दुःखी होतं. वन्सं बऱ्याच दिवसांनी नीट हसल्या होत्या, हेच मला खुपलं.

इथपर्यंत सगळं त्यांनी सांगितलेलं. आता माझं.

महिनाभराने, रविवारीच, मी त्यांना जेवायला बोलावलं. खूप आग्रह केला तेव्हा आल्या. कॉम्प्युटर घरी बंद करून आल्या होत्या, बॅटरीसुद्धा संपलेली. "आज सुट्टी म्हणजे सुट्टी," असं दारातच म्हणाल्या. माझा नवरा म्हणाला, "ताई, तू सुट्टी घेतलीस? कुठेतरी लिहून ठेवायला हवं." त्या त्याच्या डोक्यात टपली मारून पाटावर बसल्या.

जेवण अर्ध्यात आलं असेल. त्यांच्या फोनवर मेसेज वाजला. त्यांचे हात खरकटे, म्हणून मी फोन धरला.

साहेबांचा होता. स्क्रीनचा फोटो, आणि खाली लिहिलेलं... 'मॅडम, रविवारी तरी काम करू नका. सकाळपासून आत आहात. बाहेर पडा आता.'

फोटोत दोन ओळी.

मामा. शून्य.

उंट. शून्य.

माझ्या हातातला फोन गार लागायला लागला. मी वन्संकडे पाहिलं. त्या माझ्यासमोर, हातभर अंतरावर बसल्या होत्या. घास कालवत होत्या.

"वन्सं..." मी म्हणाले. "हे काय?"

त्यांनी वाकून फोटो पाहिला. दचकल्या नाहीत. बोटं ताटाच्या कडेला पुसली, फोन माझ्याकडून घेतला आणि एका बोटाने, सावकाश, अक्षर शोधत शोधत, उत्तर लिहिलं. मी पाहत होते.

'हो साहेब, झालंच. निघते.'

फोन पालथा ठेवला.

"वहिनी, मीठ दे जरा."

मी मीठ दिलं. नवरा काहीतरी विनोद सांगत होता, त्याला ह्यातलं काही कळलं नव्हतं. वन्सं हसल्या. अगदी योग्य जागी हसल्या. फक्त माझ्या लक्षात आलं, की विनोद संपल्यावर थोडा वेळ जात होता... आणि मग त्यांचं हसू येत होतं.

संध्याकाळी त्यांना रिक्षात बसवलं.

हल्ली मी त्यांना रोज सकाळी फोन करते. पूर्वी महिन्यातून एकदा करायचे, त्याची लाज वाटते म्हणून. नऊला नाही करत. नऊला त्यांचा फोन लागत नाही. साडेनऊला करते.

"कुठे आहात वन्सं?"

"घरीच की," त्या म्हणतात.

मागे काहीतरी एकसारखं घुमत असतं, खूप पंखे एकदम चालू असल्यासारखं. त्यांच्या घरात पंखा एकच आहे, आणि तोही त्या लावत नाहीत.

कुठल्या घरी, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.